हँडलच्या टेबलाला मोटर बसवताना

उंची कमी-जास्त करता येणारं टेबल हौसेनं घेतलं आणि महिन्याभरात ते बसायच्या उंचीवरच कायमचं थिजलं, अशी तीन माणसं माझ्या ओळखीत आहेत. चौथी मी. कारण एकच, हँडल. बसल्या उंचीवरून उभ्या उंचीवर जायला माझ्या टेबलाला जवळजवळ ऐंशी वेढे लागतात. पहिल्या आठवड्यात हा व्यायाम वाटतो, दुसऱ्या आठवड्यात शिक्षा.

मोटरवालं टेबल विकत घेण्यापेक्षा आहे त्यालाच मोटर लावू, असं ठरवलं. तीन महिन्यांचे रविवार गेले. त्यातले दोनच इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेले, बाकीचे सगळे दोन लोखंडी तुकडे एका रेषेत आणण्यात आणि मोटर वेळेवर थांबवण्यात. म्हणून या लेखातही सर्किटपेक्षा या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे. सोल्डरिंग येत असेल आणि ड्रिल मशीन हातात धरायची भीती नसेल, तर हे काम तुम्हालाही जमेल. टेबल वॉरंटीत असेल तर ती या उद्योगात जाते, हे आधीच मान्य करून टाका.

१. आधी टेबल ओळखा

टेबल अर्ध्या उंचीवर आणा, नेहमीचं सगळं सामान वर ठेवा, हँडल काढून घ्या आणि वरून दोन्ही हातांनी दाबा. टेबल जागचं हललं नाही, तर आतला स्क्रू स्वतःच अडून राहणारा आहे. मोटरला फक्त फिरवायचं काम उरतं, वजन तोलून धरायचं नाही. टेबल हळूहळू खाली सरकत असेल तर हा प्रकल्प इथेच थांबवा. गॅस स्प्रिंगच्या टेबलालाही यातलं काही लागू नाही.

आता हँडल जिथे बसतं तो भाग बघा. बहुतेक टेबलांत षटकोनी दांडी किंवा षटकोनी खाच असते. माप डोळ्यांनी ठरवू नका, व्हर्नियरने (बारीक माप दाखवणाऱ्या कॅलिपरने) घ्या. सहा आणि सात मिलिमीटर डोळ्यांना सारखेच दिसतात. सहाचा तुकडा सातच्या खाचेत बसल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांत कोपरे खाऊन टाकतो.

तिसरी मोजणी वेढ्यांची. अगदी तळापासून अगदी वरपर्यंत किती वेढे लागतात ते मोजा आणि लिहून ठेवा. माझ्या टेबलाचं उत्तर: ५० सेंमीला ११० वेढे. पुढची सगळी गणितं या आकड्यावर चालतात.

दोन पायांच्या टेबलात हँडलची ताकद एका आडव्या दांडीतून दोन्ही पायांना जाते. काहीही झालं तरी ती दांडी काढू नका. काढलीच तर आधी दोन्ही पाय अगदी तळाला न्या. नाहीतर एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन वेढे पुढे राहतो, टेबल तिरकं होतं आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

२. ताकद मोजा, अंदाज बांधू नका

प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटा घरात असतोच. तो हँडलच्या मुठीला अडकवा, हँडल आडवं धरा आणि टेबल वर जायच्या दिशेने काटकोनात ओढा. हँडल हलायला लागताना दिसलेला आकडा गुणिले दांडीच्या मध्यापासून मुठीपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा टॉर्क, फिरवायला लागणारा जोर. माझं हँडल १५ सेंमीचं. रिकाम्या टेबलाला ७०० ग्रॅम लागले. मॉनिटर, लॅपटॉप आणि पुस्तकं ठेवल्यावर १.१ किलो. म्हणजे साधारण १६.५ किलो-सेंमी. वेगवेगळ्या उंचीवर चार-पाचदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

वेग तुम्ही ठरवायचा. मिनिटाला १०० फेरे धरले, तर माझे ऐंशी वेढे पाऊण मिनिटाच्या थोडे पुढे संपतात. एवढं पुरे. याहून घाई केली तर आतले गिअर तापतात आणि आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत जातो. हे टेबल हातानं फिरवण्यासाठी बनलं आहे, ते लक्षात ठेवून वागवा.

वॅट काढायचे असतील तर किलो-सेंमी गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) भागिले ९७. माझे आले १७ वॅट. गिअर आणि मोटर मिळून साधारण अर्धी ताकद वाटेत खातात असं धरलं, तर १२ व्होल्टवर तीनेक अँपिअर. प्रत्यक्षात मल्टिमीटरने वर जाताना २.९ दाखवले, खाली येताना त्याच्या निम्मे.

जमलं तर खरेदीआधी एक प्रयोग करा. बॅटरीवाल्या ड्रिलला योग्य मापाचा षटकोनी बिट लावा आणि अगदी कमी वेगावर टेबल वर न्या. ड्रिल दोन्ही हातांनी घट्ट धरा, मनगट पिरगळलं जाऊ शकतं. कुठे अडकतंय, कुठे करकरतंय, हे दोन मिनिटांत समजतं. खरं सांगायचं तर काही जणांचं समाधान इथेच होतं. ते ड्रिल टेबलाजवळ ठेवून मोकळे होतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

३. मोटर

मोजलेल्या टॉर्कच्या दुप्पट टॉर्क देणारी मोटर घ्या. माझ्यासाठी ३५ किलो-सेंमी, १०० आरपीएम, १२ व्होल्ट. इथला पहिला सापळा जाहिरातीतल्या आकड्याचा. दुकानदार बऱ्याचदा स्टॉल टॉर्क सांगतात, म्हणजे मोटर अडकून थांबते त्या क्षणाचा. तुम्हाला हवा रेटेड टॉर्क, जो ती न तापता देत राहते. दोघांत कित्येक पटींचा फरक असतो.

पर्याय मुख्यतः दोन. प्लॅनेटरी गिअरची डीसी मोटर सरळ, गोल, बसवायला सोपी. दुसरी गाडीच्या वायपरची मोटर. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर ती स्वस्तात मिळते आणि ताकदीला भक्कम असते. पण वायपर मोटरमध्ये एक छुपी गोम आहे. बऱ्याच मोटरींचं बाहेरचं कवच आतून ऋण टोकाला जोडलेलं असतं, कारण गाडीत ते तसंच लागतं. टेबल खाली आणण्यासाठी आपण तारा उलटवतो तेव्हा कवचावर अधिक टोक येतं, आणि ते टेबलाच्या लोखंडी पायाला टेकलेलं असेल व तो पाय कुठेही ऋण टोकाला जोडला गेला असेल, तर थेट शॉर्ट. घेतल्याबरोबर मल्टिमीटरने कवच आणि तारा यांमध्ये बीप येतो का बघा. आला तर मोटर लाकडावर बसवा आणि बोल्टना नायलॉनचे वॉशर घाला.

मी पहिल्यांदा वायपर मोटरच घेतली होती. वर्म गिअर असल्यामुळे तिचा शाफ्ट बाहेरून हाताने फिरवता येत नाही, म्हणजे लाइट गेल्यावर हँडलही चालत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं हा अपवाद नाही. शेवटी प्लॅनेटरी घेतली.

४. जोडणी: खरं घोडं इथे अडतं

मोटरचा शाफ्ट गोल, टेबलाची खाच षटकोनी. मधला तुकडा तुम्हाला बनवून घ्यावा लागतो. खाच असेल तर त्या मापाची अॅलन की घ्या आणि सरळ भागाचा पाच-सहा सेंमीचा तुकडा ग्राइंडरने कापा. ती पोलादी आणि कडक असते, हॅकसॉ लावाल तर पातं जाईल. डोळ्यांना गॉगल हवाच. दांडी बाहेर आलेली असेल तर त्या मापाचा बॉक्स पाना कापून वापरता येतो.

मग दोन्ही टोकांमध्ये लव्हजॉय कपलिंग, म्हणजे दोन धातूचे जबडे आणि मध्ये रबराची चांदणी. कडक कपलिंग लावू नका. शाफ्ट अर्धा मिलिमीटर जरी तिरका बसला तरी प्रत्येक वेढ्याला ते मोटरचं बेअरिंग ओढतं. मी आधी कडकच लावलं होतं. टेबल वर जाताना बैलगाडीसारखं हेलकावत होतं.

कपलिंगचं भोक षटकोनी नसतं. लेथवाल्याकडे जा, अॅलन कीचं एक टोक कपलिंगच्या भोकाच्या मापाला गोल करून घ्या आणि ग्रब स्क्रू (शाफ्ट आवळून धरणारा, डोकं नसलेला स्क्रू) बसेल तिथे सपाट पट्टी काढून घ्या. भोसरीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी गेले, तिथल्या मामांनी तुकडा हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "मोटर उलटी-सुलटी दोन्हीकडं फिरणार काय?" हो म्हटल्यावर त्यांनी एकाऐवजी दोन ग्रब स्क्रू काटकोनात मारले. त्यांचं बरोबर होतं. दिशा बदलताना बसणाऱ्या झटक्यानेच ग्रब स्क्रू सुटतात. बसवताना थ्रेड लॉकरचा, म्हणजे स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब टाका. निळा घ्या, लाल नको, पुढेमागे उघडायचं आहे.

आता मोटर धरून ठेवणारा ब्रॅकेट. मोटर शाफ्टला जेवढा पीळ देते, तेवढाच उलटा पीळ स्वतःच्या कवचाला देते. तो सगळा ब्रॅकेटवर येतो. टेबलाचा पृष्ठभाग बहुधा भुश्याच्या बोर्डाचा असतो. त्यात मारलेले लाकडी स्क्रू महिन्याभरात ढिले होतात. १२ मिमी प्लायचा तुकडा गोंद आणि सहा-आठ स्क्रूंनी खालून बसवा. स्क्रूची लांबी आधी तपासा, नाहीतर टोक वर कीबोर्डजवळ उगवेल. मोटरच्या बोल्टांसाठी या प्लायमध्ये आधीच टी-नट, म्हणजे लाकडात रुतून बसणारे नट, ठोकून ठेवा. ब्रॅकेटची भोकं गोल न पाडता लांबट पाडा, म्हणजे मोटर इकडेतिकडे सरकवून रेषेत आणता येते. बोल्ट अर्धवट आवळा, मोटर हळू फिरवा, कपलिंग जिथे शांत फिरतं तिथे पूर्ण आवळा.

कपलिंगवर झाकण हवं. पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला तुकडा पुरतो. ओढणी, केस, मांजराचं शेपूट यांतलं काहीही त्यात जाऊ शकतं. आणि मोटर जोडलेली असताना हँडल कधीही लावून ठेवू नका. माझ्या टेबलाला दांडीच्या दुसऱ्या टोकालाही हँडल लागतं. एकदा ते तसंच राहिलं आणि गुडघ्यावर बसलं. १०० आरपीएमने.

५. वीज

१२ व्होल्ट, १० अँपिअरचा बंद डब्यातला अडॅप्टर घ्या, बीआयएसचा शिक्का बघून. सीसीटीव्ही किंवा एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीदार पत्र्याचा सप्लाय स्वस्त असतो, पण त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात आणि तो तुमच्या पायांजवळ टांगला जाणार आहे. तोच वापरायचा असेल तर वेगळ्या डब्यात बंद करा, तीन पिनांची वायर लावा आणि अर्थ खरोखर जोडा. मेनचं काम पूर्वी कधी केलं नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

सप्लायच्या अधिक तारेत लगेच गाडीचा ७.५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. मोटरच्या तारा १.५ चौरस मिलिमीटरच्या. ब्रेडबोर्डच्या बारीक तारांतून मोटरचा प्रवाह नेलात तर त्या वितळतील, आणि तो वास दोन दिवस खोलीतून जात नाही.

६. पहिला टप्पा: कंट्रोलरशिवाय

माझा आग्रह आहे की आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) काढायच्या आधी टेबल फक्त एका बटणावर चालवून बघा. लागतं ते एवढंच:

- मध्ये परत येणारा, दोन्हीकडे दाबता येणारा डीपीडीटी (दोन्ही तारा एकदम बदलणारा) रॉकर स्विच, १० अँपिअर डीसीचा
- दोन लिमिट स्विच, पट्टीवाले
- दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे), ६ अँपिअरचे

स्विच आडव्या-तिडव्या तारांनी जोडला की एकीकडे दाबल्यावर मोटर सुलटी, दुसरीकडे उलटी. लिमिट स्विच मोटरच्या तारेत ओळीने जोडायचे, त्यांच्या नेहमी बंद असणाऱ्या टोकांवर, म्हणजे पट्टी दबलेली नसताना प्रवाह जाऊ देणाऱ्या. टेबल टोकाला गेलं की पट्टी दबते, सर्किट तुटतं, मोटर थांबते. पण मग परत उलटं कसं जायचं? त्यासाठी प्रत्येक लिमिट स्विचला समांतर एक डायोड, अशा दिशेने की टोकाकडे जाणारा प्रवाह अडेल आणि परतीचा जाईल. दिशा चुकली तर स्विच दबूनही मोटर थांबत नाही. म्हणून टेबलाला जोडायच्या आधी मोटर मोकळी फिरवत बोटाने लिमिट स्विच दाबून बघा.

नेहमी बंद असणारं टोकच का? तार तुटली किंवा निघाली तर मोटर थांबते. उघड्या टोकावर जोडलं असतं तर तुटलेली तार कळलीच नसती आणि टेबल आपल्या मर्जीने जात राहिलं असतं.

खालचा स्विच टेबलाच्या खऱ्या टोकाच्या एक सेंमी आधी लागला पाहिजे, वरचाही तसाच. लोखंड लोखंडावर आदळेपर्यंत वाट बघू नका. आतले गिअर काही टेबलांत प्लास्टिकचे असतात आणि सुटे मिळत नाहीत.

इथे थांबलात तरी चालेल. बटण दाबलं की टेबल हलतं, सोडलं की थांबतं, बिघडायला फारसं काही नाही. माझ्या मते दहातल्या सात जणांनी इथेच थांबावं.

७. दुसरा टप्पा: ठरलेली उंची लक्षात ठेवणारं टेबल

उरलेल्या तिघांसाठी यादी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं:

- आर्डुइनो नॅनो
- बीटीएस७९६० मोटर ड्रायव्हर मॉड्यूल
- १२ वरून ५ व्होल्ट करणारं बक कन्व्हर्टर
- ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की ओळखणारा), जास्तीचे दोन घेऊन ठेवा
- ५ मिमीचे चार निओडिमियम चुंबक
- चार पुश बटणं, १०के (१० किलोओहम) रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक आणि १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर

दुकानात एल२९८एन ड्रायव्हर पुढे करतील, "सगळे हाच नेतात" म्हणून. घेऊ नका. तो एका बाजूला २ अँपिअरचा आहे आणि स्वतःच दोन-तीन व्होल्ट गिळतो. बक कन्व्हर्टर जोडण्याआधी मल्टिमीटर लावून त्याचा बारीक स्क्रू फिरवत ५.० व्होल्टवर आणा. दुकानातून येताना तो कुठल्याही व्होल्टेजवर असू शकतो. माझा पहिला नॅनो याच कारणाने गेला.

वेढे मोजण्यासाठी चुंबक कपलिंगवर समान अंतरावर अराल्डाइटने चिकटवा; चुंबक सेन्सरसमोरून गेला की एक ठोका. ए३१४४ फक्त चुंबकाच्या दक्षिण बाजूला ओळखतो. त्यामुळे चारही चुंबकांची तीच बाजू बाहेर हवी. चिकटवण्याआधी सेन्सरसमोर धरून बघा आणि मार्करने खूण करा. चार चुंबक म्हणजे ११० वेढ्यांना ४४० ठोके, एक ठोका सव्वा मिलिमीटरपेक्षाही कमी. टेबलाला याहून अचूक असण्याची गरज नाही.

सेन्सरचं आउटपुट नॅनोच्या २ नंबरच्या पिनवर, १०के ने ५ व्होल्टला ओढून. नॅनोचा आतला पुलअप, म्हणजे असाच ओढणारा रेझिस्टर, कमकुवत असतो, मोटरशेजारून आलेल्या लांब तारेला तो पुरत नाही आणि खोटे ठोके मोजले जातात. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करा, मोटरच्या तारा एकमेकींना पीळ घालून न्या आणि सेन्सरच्या तारा त्यांच्यापासून लांब ठेवा. मोठा कपॅसिटर ड्रायव्हरच्या पॉवर टोकांवर.

ड्रायव्हरचे आरपीडब्ल्यूएम आणि एलपीडब्ल्यूएम, म्हणजे दोन दिशांची टोकं, ९ आणि १० वर. या पिनांवर टायमर १ वापरून पीडब्ल्यूएम (वेग ठरवण्यासाठी वीज झरझर चालू-बंद करणं) २० किलोहर्ट्झला नेता येतं. तसंच सोडलं तर मोटर डासासारखी गुणगुणते. लिमिट स्विचचे दोन्ही डायोड आता काढा आणि स्विच मोटरच्या तारेतून हलवून वेगवेगळ्या पिनांवर घ्या, नेहमी बंद असणारीच टोकं.

८. कोडमध्ये काय हवंच

पूर्ण कोड इथे देत नाही, प्रत्येकाचं टेबल वेगळं. पण या गोष्टी सोडू नका.

ठोके मोजणारा व्हेरिएबल व्होलटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचला जाणारा) हवा, आणि तो दोन बाइटचा असल्याने वाचताना क्षणभर इंटरप्ट (ठोका आला की कोड मध्येच थांबवून मोजणारी सोय) बंद करून वाचा. नाहीतर शंभर वेळा बरोबर आणि एकदा भलताच आकडा येतो, आणि टेबल त्या भलत्या आकड्याच्या दिशेने निघतं.

मोटर एकदम पूर्ण वेगाने सुरू करू नका. अर्ध्या सेकंदात शून्यावरून पूर्णावर न्या, थांबवतानाही तसंच. एकदम सुरू केल्यावर सप्लाय ओव्हरलोड समजून बंद-चालू होत राहतो, आणि तुम्ही कोडमधला दोष शोधत बसता. दिशा बदलताना मध्ये किमान अर्धा सेकंद पूर्ण थांबा.

मोटर चालू आहे पण ठोके येत नाहीत, म्हणजे काहीतरी अडकलं किंवा कपलिंग सुटलं. १०० आरपीएमला माझे ठोके दर १५० मिलिसेकंदांना येतात. ४०० मिलिसेकंद शांतता झाली की मोटर बंद. सुरुवातीला वेग कमी असल्यामुळे पहिला एक सेकंद सवलत. शिवाय कुठलाही प्रवास ९० सेकंदांच्या वर गेला की बंद.

ड्रायव्हरवरच्या आयएस पिना प्रवाहाच्या प्रमाणात व्होल्टेज देतात. प्रमाण मॉड्यूलप्रमाणे बदलतं, म्हणून मल्टिमीटर लावून आपलं आपण ठरवा. माझं टेबल २.९ अँपिअरला वर जातं; ४.५ गेले की थांबतं आणि दोन सेंमी उलटं येतं. ही सोय मी खुर्चीच्या हातावर आणि उशीवर तपासली आहे, स्वतःच्या हातावर नाही. तुम्हीही तसंच करा.

उंची ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) फक्त टेबल थांबल्यावर लिहा. एका जागेवर एक लाख वेळा लिहिता येतं. प्रत्येक ठोक्याला लिहिलंत तर दिवसाला चार-पाच फेऱ्यांत ही मर्यादा दोन महिन्यांतच येते. चालू प्रवासात लाइट गेली तर लक्षात ठेवलेला आकडा खोटा ठरतो. म्हणून निघताना "प्रवासात" अशी खूण लिहा आणि थांबल्यावर पुसा. चालू होताना ती खूण दिसली, तर टेबलाने आधी तळाचा लिमिट स्विच गाठून शून्य ठरवल्याशिवाय ठरलेल्या उंचीवर जायला नकार द्यावा.

एका दाबात आपोआप उंचीवर जाणारं बटण घरात लहान मूल असेल तर ठेवू नका. माझ्याकडे भाची येते, म्हणून ठरलेल्या उंचीचं बटणही दाबून धरावंच लागतं. उंची आली की टेबल थांबतं, बोट आधी उचललं तर तिथल्या तिथे.

९. पहिला प्रवास

टेबल रिकामं करा. मॉनिटरसकट. एक हात अडॅप्टरच्या स्विचवर ठेवा आणि अर्ध्या वेगाने तळापासून वरपर्यंत एक फेरी. मग परत. मग पूर्ण वेगाने. मग एकेक सामान वाढवत. दर फेरीनंतर मोटरला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर नाही. विकतच्या मोटरवाल्या टेबलांवरही साधारण दोन मिनिटं चालवा आणि अठरा मिनिटं थांबा असं लिहिलेलं असतं, तेव्हा मित्रांना दाखवण्यासाठी दहा फेऱ्या सलग मारू नका.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे ग्रब स्क्रू आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा. त्यानंतर वर्षातून दोनदा.

आणि वर जाण्याआधी खाली वाकून तारा बघा. मॉनिटरची केबल, लॅपटॉपचा चार्जर, राउटरची तार, या सगळ्यांना सर्वांत वरच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त ढील हवी. माझ्या टेबलाने पहिल्या यशस्वी प्रवासात भिंतीवरचा राउटर खिळ्यासकट उपटून आणला. एक्स्टेन्शन बोर्ड आता टेबलाच्याच खाली स्क्रूने लावला आहे, भिंतीकडे एकच तार जाते. हँडल बाजूच्या पायाला हुकावर टांगलेलं असतं. लाइट गेली की कपलिंगचे दोन स्क्रू ढिले करायचे आणि ते लावायचं. त्यासाठीची छोटी अॅलन कीही त्याच हुकाला दोऱ्याने बांधली आहे, कारण अंधारात ती कधीच सापडत नाही.